झटकणं

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून विचारलं,
मावशी, काम काय करायच्या तुम्ही?
आई म्हणाली, कायचं काम बाई, घरीच त होती मी.
त्यांनी लिहिलं: गृहिणी.
मग एक्स-रे उजेडाला धरला
आणि पुन्हा विचारलं, जरा हळू,
घरी काय काय करायच्या?

त्याआधी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या होत्या.
छातीत पाणी म्हणजे टीबीच,
टेका नाक्याच्या दवाखान्यात सगळे म्हणाले, आम्हीही म्हणालो.
टीबी निदान ओळखीचा होता.
पहिल्यांदा दीड लिटर काढलं, फिक्या चहाच्या रंगाचं.
पंधरा दिवसांत रांजण पुन्हा काठोकाठ,
कोणी भरला नसताना.

बाबा वीजघरात ठेकेदाराकडे होते.
वाफेच्या पाइपांना गोधडी घालायचं काम:
पांढरा लगदा, त्यावर पट्टी, वर पत्रा.
माणसं त्याला दगडाचा कापूस म्हणत.
जळत नाही, कुजत नाही, उंदीर खात नाही,
आमच्या इकडच्या कापसाला जे कधीच जमलं नाही
ते सगळं त्याला जमत होतं.
बाबांनी एकदा त्याचा तुकडा आणून चुलीवर धरला,
पाह्य पोरी, जळते का.
मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ते सायकल भिंतीला टेकवत
आणि मागच्या अंगणातच कपडे काढून देत.
घरात कचरा नको म्हणून आई ते बाहेरच झटकायची,
निंबाखाली, सदरा दोन्ही खांद्यांना धरून.
फट्.
फट्.
तिरप्या उन्हात ते पांढरं उठायचं
आणि आम्ही भावंडं म्हातारी म्हातारी करत मागे धावायचो,
रुईच्या शेंगेतून सुटते तशी म्हातारी.
मग पदरानं तोंड पुसून
ती भाकरी टाकायला बसायची.

अठरा वर्षं, रविवार सोडून.
डॉक्टरीणबाईंना सांगताना मी गुणाकार करू लागले
आणि मध्येच थांबले.

तो शब्द मी केसपेपरच्या मागे फोड करून लिहून आणला,
मे-सो-थे-लि-ओ-मा.
आईला सांगितलं, दुधावर असते तशी
फुप्फुसावर एक साय असते.
त्या सायीत सुया रुतून बसल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या,
तीस-पस्तीस वर्षं काही बोलल्या नाहीत.
तिनं सगळं ऐकलं. म्हणाली,
तुह्या बाबाला सांगू नको.

बाबा ओसरीत बसतात. एकाहत्तर वर्षांचे,
जिना चढताना धापतात, बाकी ठणठणीत.
त्यांना वाटतं टीबीच उलटला,
गोळ्या चुकवल्या म्हणून तिला रागावतात.
ती ऐकून घेते.

भरपाईच्या अर्जात रकाना होता, कामगाराचे नाव.
मी लिहिलं, पंचफुला शामराव गजभिये.
बाबूनं विचारलं, ह्या कामाला होत्या?
नाही.
मग नवरा आजारी आहे?
नाही.
त्यानं अर्ज माझ्याकडे सरकवला, अगदी सभ्यपणे,
आणि पंख्याखाली उडू नये म्हणून
वर माझंच पेन ठेवलं.

आज दादा भाड्यानं ड्रिल घेऊन आला.
कूलरचा पाइप न्यायचा, न्हाणीच्या सिमेंटच्या पत्र्यातून.
पत्रा माझ्याच वयाचा, कडेला पिंजलेला.
घर्र ऐकलं आणि मी बादली उचलून फेकली,
पत्र्यावर, मशीनवर, त्याच्यावर.
वेडी झाली का, शॉक लागला असता!
खरंच लागला असता.
मी प्लग काढला. तो पाय आपटत गेला.

बोटाएवढं भोक पडलंय.
त्यातून उन्हाची एक काडी आत आली आहे,
तिच्यात काहीच दिसत नाही,
किती वेळ पाहिलं तरी.

माझी ओढणी भिजली होती. सवयीनं
दोन टोकं धरून हात वर नेला
आणि तसाच धरून उभी राहिले.
आतून आईचा आवाज, दोन श्वासांत तोडलेला:
झटकून वाळव वं...
सुरकुत्या पडतील.